इंदूर : दिवसाला माणशी 300 रुपयांत दोन दिवसांचं खाणं

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी डिसेंबरात दोन दिवस इंदूरला जाणार आहोत. खाण्यासाठी दिवसाला माणशी 300 रुपयेच काढता येतील. एवढ्यात पोहे-जिलबी, दाल-बाफले, सराफा बाजारातलं रात्रीचं खाणं सगळं जमेल का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : जमेल. इंदुरात पैसे संपायच्या आधी पोट भरतं, तेव्हा बेत पोटाचा करा. मुक्काम राजवाड्याच्या आसपास घ्या. सराफा तिथून हाकेच्या अंतरावर आहे. मध्यरात्री चालत परतता आलं नाही, तर वाचवलेले पैसे रिक्षात जातात.

तिघींचे रोजचे 900 रुपये. त्यातले 150 सकाळसाठी ठेवा. पोहे एकेक प्लेट घ्या. जिलबी तोलून मिळते, 100 ग्रॅम सांगा आणि तिघीत खा. पाव किलो घेतलीत की दुपारपर्यंत भूकच लागत नाही.

पहिल्या दिवशी दुपारी 400 रुपयांत दाल-बाफले. बाफला म्हणजे आधी पाण्यात उकडून मग भाजलेली आणि तुपात बुडवलेली बाटी. ती कुस्करून वर डाळ ओतून खायची. दोन बाफले भल्याभल्यांना पुरतात. ‘अनलिमिटेड’ थाळी वाटून खाऊ देत नाहीत, म्हणून मोजकी प्लेट मिळते तिथेच बसा. आणि 12 वाजताच जेवा. तीनला जेवलात तर रात्रीचा सराफा हुकलाच म्हणून समजा! दुसऱ्या दिवशी दुपारी ‘छप्पन दुकान’ या खाऊगल्लीत हलकं काहीतरी 200 रुपयांत आटपा, म्हणजे रात्रीसाठी 550 उरतील.

सराफी पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच दारात खाण्याची दुकानं लागतात. खरी गर्दी दहानंतर. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. आधी काही न घेता या टोकापासून त्या टोकापर्यंत चक्कर मारा. पहिल्याच गाडीवर तिघींनी तीन प्लेटा घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एक प्लेट, तीन चमचे, हा नियम सोडू नका. आधी भुट्टे का कीस (किसलेला मका दुधात शिजवलेला), मग गराडू, खोपरा पॅटिस, दहीवडा. रबडी आणि जलेबा अगदी शेवटी. जलेबा म्हणजे तळहाताहून मोठी जिलबी, तीही तोलूनच घ्यायची.

गराडू मात्र चुकवू नका. कोनफळाच्या जातीचा हा कंद थंडीतच मिळतो, त्यामुळे तुमचा महिना अगदी बरोबर आहे. तुकडे तेलातून निघताच त्यावर जिरावण मसाला आणि लिंबू पडतं. बाहेरून कुरकुरीत, आत पिठूळ. कागदात बांधून खोलीवर नेऊ नका, गार झाले की चामट होतात.

शिकंजी मागवताना लक्षात ठेवा, इथली शिकंजी लिंबाची नसते. घट्ट, सुकामेवा घातलेली, दुधाची असते. एक ग्लास तिघींना पुरतो.

प्रश्न : इंदुरी पोहे घरी केले की कोरडे पडतात. काय चुकतं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुम्ही ते कढईत परतत असणार. इंदुरी पोहे वाफेवर होतात, म्हणून तेल कमी लागतं आणि मऊपणा टिकतो. 2 वाट्या जाड पोहे धुऊन चाळणीत 10 मिनिटं निथळा. भिजवत ठेवलेत तर गोळा होतो. त्यांना पाऊण चमचा मीठ, 2 चमचे साखर, अर्धा चमचा हळद हलक्या हाताने लावा. 1 मोठा चमचा तेलात मोहरी, अर्धा चमचा बडीशेप आणि मिरच्यांची फोडणी करून त्यावर घाला. मग उकळत्या पाण्यावर चाळणी ठेवून 6-7 मिनिटं वाफवा. झाकणाला फडकं बांधायला विसरू नका, नाहीतर वाफेचं पाणी ठिबकून वरचे पोहे चिकट होतात. कांदा फोडणीत नको. कच्चाच, शेव आणि जिरावणाबरोबर वरून घाला.

प्रश्न : सराफ्यातली साबुदाणा खिचडी उपवासाला चालते का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : खिचडी वाफेवरची असते, पण देताना वरून मसाला आणि मिक्श्चर मिसळतात. जिरावणात धणे असतात. तुमच्याकडे ते चालत नसतील तर खिचडी कालवण्याआधीच सांगा : फक्त सैंधव, मिरची, लिंबू.