'हॅरी पॉटर'मधल्या स्नेपच्या भूमिकेआधी अभिनेते अ‍ॅलन रिकमन काय करत होते?

बरंच काही, आणि त्यातलं मोलाचं काम रंगमंचावर. जन्म १९४६चा, लंडनमधल्या कामगार कुटुंबात. वडील ते आठ वर्षांचे असतानाच गेले. शिक्षण ग्राफिक डिझाइनचं. मित्रांबरोबर स्टुडिओही काढला होता, पण तो सोडून २६व्या वर्षी ते 'राडा' या नाट्यशाळेत गेले. एवढ्या उशिरा सगळं नव्याने सुरू करणं मला फार धाडसाचं वाटतं.

पुढे रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या 'ले लिएझों दांजरज'मध्ये (१९८५) त्यांनी व्हॅल्मों हा थंड डोक्याचा, देखणा कपटी सरदार उभा केला. नाटक ब्रॉडवेला गेलं, त्यांना टोनी या नाट्यपुरस्काराचं नामांकन मिळालं, आणि तिथलं काम पाहूनच 'डाय हार्ड'मधला खलनायक हान्स ग्रूबर त्यांच्याकडे आला. हा त्यांचा पहिला चित्रपट, तोही चाळिशी ओलांडल्यावर! 'रॉबिन हूड'साठी बाफ्टा, 'रास्पुटिन'साठी एमी मिळाला. ऑस्करचं साधं नामांकनही कधी नाही, याची खंत वाटते.

स्नेप आवडला असेल तर 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'मधला कर्नल ब्रँडन नक्की बघा. खलनायक म्हणून गाजलेला तोच खर्जातला आवाज तिथे किती हळुवार होतो!