‘करलो’ कुठून आलं?

बेळगावजवळच्या खानापूरहून एका आजोबांनी विचारलंय: साडेतीन वर्षांचा नातू ‘मामा बाजारला जाला’, ‘मी अभ्यास करलो’ म्हणतो. आधी ‘गेला’ नीट म्हणायचा. अंगणवाडीतल्या कन्नडमुळे मराठी बिघडतेय का?

‘जाला’चा कन्नडशी संबंध नाही. घरात फक्त मराठी ऐकणारं मूलही या वयात असं बोलतं. सुरुवातीला ‘गेला’ हा अख्खा शब्द पाठ असतो, ‘जा’शी त्याची गाठ पडलेली नसते. मग बस-बसला, पड-पडला, हस-हसला ऐकून नियम सापडतो आणि तो दिसेल तिथे लागतो: जाला, करला, मरला. (गेला, केला, मेला ही संस्कृत गत, कृत, मृत यांची पिल्लं, नियमात बसत नाहीत ती त्यामुळे.) मानसशास्त्रज्ञ गॅरी मार्कस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या मुलांची अनियमित भूतकाळी रूपं तपासली, तेव्हा असं नियमात कोंबणं सरासरी ४ टक्क्यांच्या आसपासच निघालं. आपल्याला जास्त वाटतं, कारण बरोबर आलेलं ‘गेला’ कानाला टोचत नाही.

‘करलो’ मात्र दुहेरी आहे. ‘कर’ नातवाचं, ‘लो’ बेळगावचं. प्रमाण मराठीत ‘मी अभ्यास केला’, क्रियापदाचं रूप कर्माप्रमाणे (अभ्यास) बदलतं. तुमच्याकडे मोठी माणसंही सर्रास ‘मी काम केलो’ म्हणतात. इथं रूप कर्त्याप्रमाणे (मी) बदलतं, कन्नडच्या ‘नानु केलस माडिदे’सारखं. म्हणजे ‘लो’ त्यानं घरातूनच उचललंय, आणि ती चूक नव्हे.

खात्री करायची तर भाषा-मानसशास्त्रज्ञ जीन बर्कोनं १९५८ मध्ये वापरलेली बनावट शब्दांची युक्ती घ्या. बाहुली हलवत म्हणा, ‘ही रोज टिमते. कालपण तिनं तेच केलं. काल बाहुली काय...?’ ‘टिमली’ आलं की नियम पक्का. मग त्याच्या हातात डबा देऊन, ‘तू डबा टिमतोस. आता तू सांग: काल मी डबा...?’ इथं ‘टिमलो’ (कर्त्याप्रमाणे) की ‘टिमला’ (कर्माप्रमाणे), ते ऐका. आपण आधी ‘टिमली’ बोलून गेलात तर चाचणी वाया. मूल नुसती नक्कल करेल.

‘जाला नाही, गेला म्हण’ असं घोकून घेऊ नका, पोरगं बोलायचंच थांबू शकतं. ‘हो, मामा बाजारला गेला, काय आणणार?’ असं बरोबर रूप गप्पांत परत द्यायचं. ‘करलो’चं आधी ‘केलो’च होऊ द्या, ‘मी केला’ पुढे वहीत येईल.