ताप उतरला, म्हणून लगेच शाळा?

प्रश्न : मुलगी तिसरीत आहे. तिच्या वर्गातली सात मुलं तापानं घरी आहेत, दोघांचा फ्लू तपासणीत निघाला. चाचणी परीक्षा तोंडावर, घरी दम्याच्या सासूबाई. तिला शाळेत पाठवू का? कापराची पुरचुंडी देतेय. लस आता घेऊन उपयोग होईल का?
– एक आई, गोरेगाव

उत्तर : ती ठणठणीत असेल तर जरूर पाठवा. 2009 साली स्वाइन फ्लूमुळे मुंबईतल्या शाळा आठवडाभर बंद ठेवल्या, तेव्हा तो विषाणू नवा होता. आता तोही दर पावसाळ्यातल्या फ्लूचाच भाग झाला आहे.

वर्गात साथ लांबते ती बहुतेकदा घाईनं परत आलेल्या मुलांमुळे. सकाळी सहाला पॅरासिटामॉल पाजून मूल व्हॅनमध्ये बसतं. औषधाचा असर चार ते सहा तास. मधल्या सुट्टीनंतर ते पुन्हा फणफणतं, पण तोवर शेजारच्या बाकावर खोकून झालेलं असतं. म्हणून तापाचं औषध न देता पूर्ण 24 तास ताप नसेल, तरच शाळा. परीक्षा बुडाली तरी हा नियम मोडू नका. ताप यायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस मूल फ्लू पसरवू शकतं, लहान मुलं त्याहूनही जास्त दिवस.

पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं : किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. बाटल्यांवर 120, 125, 250 असे आकडे असतात, म्हणजे 5 मिलीत तितके मिलिग्रॅम औषध. चमचा तोच, औषध दुप्पट. चूक इथेच होते. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नको, यकृताला आणि मेंदूला इजा होऊ शकते.

लस आता घेतलीत तर असर यायला दोन आठवडे लागतील, तरी घ्या. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच देताना चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, पुढे दरवर्षी एक. सासूबाईंनाही त्यांच्या डॉक्टरांना विचारून द्याच. पुढल्या वर्षी मे महिन्यातच उरका. कापरानं विषाणू अडत नाही, आणि चुकून गिळला तर मुलाला आकडी येऊ शकते. तो दप्तरातून काढा. व्हॅनमध्ये मास्क लावा, काचा चार बोटं तरी उघड्या ठेवायला सांगा, पाण्याची बाटली कुणाची कुणाला नको.

श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं, आठ तास लघवी न होणं, गुंगी, किंवा उतरलेला ताप परत चढणं : यातलं एकही दिसलं तर थांबू नका. फ्लूवरचं औषध पहिल्या 48 तासांत सर्वांत चांगलं लागू पडतं, म्हणून मुलीला ताप आलाच तर घरात दमेकरी आहे हे डॉक्टरांना आधी सांगा.

प्रश्न : वर्ग रोज फिनेलनं पुसून घेतो. पुरेसं आहे का?
– वर्गशिक्षिका, परळ

उत्तर : फरशीतून फ्लू फारसा येत नाही. बाकं, दाराची कडी, नळाची तोटी साबणाच्या पाण्यानं पुसा. कडक पृष्ठभागावर विषाणू एक-दोन दिवस टिकतो. मुख्य म्हणजे हवा. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, म्हणून समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या हव्यात. पाऊस आत येत असेल, तर खिडकीजवळची बाकं सरकवा, खिडकी लावू नका.