वाचकांचे प्रश्न : आधी स्विचबोर्ड, मग ॲप

प्रश्न : साताऱ्यातील आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये सत्तरी ओलांडलेले आई-वडील राहतात. गिझर चालूच राहतो आणि रात्री पॅसेजमधला दिवा लावण्यासाठी अंधारात चाचपडावे लागते, म्हणून मी दोन स्मार्ट बल्ब आणि एक स्मार्ट प्लग आणला. प्लग वाय-फायला जोडलाच जात नाही आणि बल्ब वडील भिंतीवरच्या बटणाने बंद करत असल्याने ॲपमध्ये दिसेनासे होतात. काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : प्लगची अडचण बहुधा सर्वांत सोपी आहे. बहुतेक स्मार्ट प्लग व बल्ब केवळ २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायवर चालतात, आणि नवे राउटर २.४ व ५ गिगाहर्ट्‌झ ही दोन्ही जाळी एकाच नावाने दाखवतात. तुमचा फोन पाच गिगाहर्ट्‌झला जोडलेला असला, की प्लगचा दिवा लुकलुकत राहतो आणि ॲप मात्र ‘उपकरण सापडले नाही’ असे सांगते. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्‌झला वेगळे नाव द्यावे, फोन त्याला जोडावा आणि मग प्लग जोडून पाहावा.

तथापि तो प्लग गिझरला लावण्यापूर्वी त्यावरचा अँपिअरचा आकडा वाचावा. २,००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर, तर ३,००० वॅटचा इन्स्टंट गिझर सुमारे १३ अँपिअर वीज घेतो. त्यामुळे ६ किंवा १० अँपिअरचा प्लग आणून, मध्ये ॲडॅप्टर घालून गिझरच्या जाड पिना त्यात बसवणे हा निव्वळ धोका आहे. १६ अँपिअरचाच प्लग घ्यावा. चालू केल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची वेळ त्यात लावावी, आणि मग राउटर बंद करून ती वेळ पाळली जाते का, हे एकदा तपासावे. कारण काही प्लग वेळापत्रक स्वतःच्या स्मृतीत ठेवतात, तर काही इंटरनेटवर विसंबून असतात. वीज जाऊन परत आल्यावर प्लगने कोणत्या स्थितीत यावे, याचीही सोय बऱ्याच ॲपमध्ये असते. गिझरसाठी तिथे ‘बंद’ हाच पर्याय निवडावा, अन्यथा दुपारी वीज आली आणि घरात कोणी नसले, तरी पाणी तापत राहील.

बल्बच्या बाबतीत दोष वडिलांचा नाही. भिंतीवरचे बटण बंद केले, की बल्बचा वीजपुरवठाच तुटतो आणि त्यातले वाय-फायही बंद पडते. आयुष्यभर बटण दाबून दिवा लावलेल्या माणसाला ‘बटणाला हात लावू नका’ असे सांगणारी व्यवस्था घरात फार दिवस टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी बटणामागे बोर्डात बसणारे स्मार्ट मॉड्यूल घ्यावे, म्हणजे दिवा बटणानेही लागतो आणि फोनवरूनही. मात्र अशा मॉड्यूलला स्वतः जागे राहण्यासाठी फेजबरोबर (वीज आणणारी तार) न्यूट्रलही (वीज परत नेणारी तार) लागते. बोर्डात सॉकेट असेल, तर तिथे न्यूट्रल असतेच. पण पॅसेजमधल्या नुसत्या बटणांच्या बोर्डात ती बहुधा नसते. अशा वेळी वायरमनला शेजारच्या दुसऱ्या सर्किटची न्यूट्रल ओढू देऊ नये, कारण त्यामुळे आरसीसीबी, म्हणजे वीजगळती ओळखून पुरवठा तोडणारा सुरक्षा-स्विच, वारंवार ट्रिप होऊ शकतो. न्यूट्रलविना चालणारी मॉड्यूल मिळतात, पण कमी वॅटचा एलईडी त्यावर बंद असतानाही मंद पेटलेला राहू शकतो.

खरे तर पॅसेजसाठी हे काहीच लागत नाही. हालचाल ओळखून लागणारा साधा सेन्सरचा बल्ब होल्डरमध्ये बसवावा आणि बटण चालू ठेवून त्यावर चिकटपट्टी लावावी. त्याला ना वाय-फाय लागते, ना ॲप. आणलेले स्मार्ट बल्ब बेडरूममधल्या टेबल-लॅम्पला वापरता येतील.

पुढे आणखी खरेदी करायची झाल्यास खोक्यावर ‘मॅटर’चे चिन्ह पाहावे. ॲपल, गूगल, ॲमेझॉन आदी कंपन्यांचा सहभाग असलेले हे समाईक मानक ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यामुळे एकाच कंपनीच्या ॲपला बांधून राहण्याची सक्ती कमी होते.

प्रश्न : दाराबाहेर लावण्यासाठी स्वस्त वाय-फाय कॅमेरा घेतला आहे. तो सुरक्षित असतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कॅमेऱ्याबरोबर आलेला पासवर्ड तसाच ठेवला, तर नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले होते आणि त्यांच्याच जोरावर त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत अनेक मोठी संकेतस्थळे काही तास विस्कळीत केली होती. पासवर्ड बदलावा, ॲपला ओटीपीचा दुसरा टप्पा जोडावा आणि कॅमेरा राउटरच्या ‘गेस्ट’ जाळ्यावर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर, ठेवावा. तसेच त्याचा रोख आपल्या दारापुरता ठेवावा. समोरच्या फ्लॅटचे दार त्यात दिसत असेल, तर ॲपमधून तेवढा भाग झाकण्याची सोय आहे का, ते पाहावे आणि शेजाऱ्यांना आधीच सांगावे.