गीझर रिकामा करायचाय? आधी व्हॉल्व्ह ओळखा

गीझर स्वतः साफ करायला घेताय हे उत्तम, पण पाना हातात घेण्याआधी व्हॉल्व्ह नीट बघून घ्या. टाकीच्या तळाशी, थंड पाणी आत जातं त्या नळीवर छोटी दांडी असलेला व्हॉल्व्ह असतो, तो सेफ्टी व्हॉल्व्ह. आत दाब वाढला की तो पाणी बाहेर सोडतो. थेंब थेंब गळला तरी त्याचं तोंड कधीही बुजवू नका, जिवावर बेतू शकतं.

एमसीबी पाडा, पाणी निवू द्या, येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करा. मग गरम पाण्याचा नळ उघडा. उभ्या गीझरची टाकी त्यातून रिकामी होत नाही, कारण गरम पाण्याची आतली नळी पार वरपर्यंत गेलेली असते. पण त्या वाटेने हवा आत शिरते. आता खाली बादली धरून दांडी उचला. नाशिकला गंगापूर धरणाचं पाणी असेल तर गाळ सहसा कमीच. बोअरचं असेल तर क्षाराच्या पांढऱ्या खपल्या पडतात. तेवढ्या निघेपर्यंत कॉक थोडा उघडत-मिटत राहा.

परत भरताना गरम नळातून सलग धार आल्याशिवाय बटण लावू नका. कोरडं एलिमेंट जळतंच.