पोटात पाणी, सीए-१२५ वाढलेलं : टीबी की कॅन्सर?

प्रश्न : आई ५६ वर्षांची, पाळी जाऊन पाच वर्षं झाली. दोन महिन्यांपासून पोट फुगतंय, चार घासांत भरतं. सोनोग्राफीत पोटात पाणी आणि दोन्ही अंडाशयांत गाठी दिसल्या. सीए-१२५ ६४० आलं. एक डॉक्टर म्हणतात, टीबीची औषधं दोन महिने देऊन पाहू. दुसरे म्हणतात, कॅन्सर आहे. काय करावं?
– एक वाचक, लातूर

उत्तर : पुराव्याशिवाय टीबीची औषधं सुरू करू नका. कॅन्सर असेल तर हे दोन महिने फार महागात पडतील.

सीए-१२५ हे रक्तात मोजलं जाणारं प्रथिन; त्याची मर्यादा ३५. पण पोटाच्या आतलं अस्तर कशानेही चिडलं तरी हा आकडा वाढतो आणि टीबीतही शेकड्यांत जातो. गाठ कॅन्सरची असण्याचा धोका जोखायला डॉक्टर एक गुणाकार करतात. आईंचा असा : सोनोग्राफीत दिसलेल्या खुणांचे ३ गुणिले पाळी गेल्याचे ३ गुणिले सीए-१२५चे ६४० म्हणजे ५७६०. हा गुणाकार २०० च्या वर गेला की स्त्रियांच्या कॅन्सरचे सर्जन गाठायचे, एवढाच त्याचा अर्थ. टीबीच्या पेशंटचाही तो असाच मोठा येतो.

आधी छाती-पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन करा; त्यापूर्वी किडनीसाठी क्रिएटिनिन तपासा. सोबत सीईए ही रक्ततपासणी करा, म्हणजे आतड्या-जठराच्या कॅन्सरचा अंदाज येतो. पोटातलं पाणी काढून पेशींच्या तपासणीसाठी आणि एडीएसाठी (टीबीचा अंदाज देणारी तपासणी) पाठवा, तेही त्याच दिवशी. बाटली रात्रभर तशीच राहिली तर पेशी खराब होतात. पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत म्हणून कॅन्सर नाही, असंही नाही.

खरा निकाल तुकड्याचा, म्हणजे बायोप्सीचा. आतड्यांपुढे चरबीचा पडदा असतो, ओमेंटम. सीटीत तो जाड दिसला तर सोनोग्राफीत बघत जाड सुईने तिथला तुकडा घेतात, नाहीतर दुर्बिणीतून. एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा साध्या सलाईनमध्ये ठेवायला आठवणीने सांगा. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, करता येत नाही. ही चूक वारंवार होते आणि बिचाऱ्या पेशंटला पुन्हा सुई सोसावी लागते. अंडाशयाच्या गाठीत मात्र सुई घालू देऊ नका. गाठ कॅन्सरची असली आणि फुटली, तर आतल्या पेशी पोटात सांडतात.

कॅन्सर ठरला तर ऑपरेशन आणि कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीचे साधारण सहा डोस, दर २१ दिवसांनी. गाठी फार पसरल्या असतील तर आधी तीन डोस, मग ऑपरेशन. सीए-१२५ दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. ऑपरेशननंतर काही आठवडे ते वाढलेलं दिसू शकतं, घाबरू नका. घरात कुणाला कॅन्सर नसला तरी आईंची बीआरसीए या आनुवंशिक दोषाची तपासणी करून घ्या. दोष सापडला तर ती तपासणी तुम्हालाही लागेल.