ढिगाऱ्यात जाणारा रोबो: आधी वायरचा विचार करा

कोसळलेल्या इमारतीत अडकलेली माणसं शोधणारा, हात असलेला वायरलेस रोबो शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी बनवायचाय, मुंबईत तो चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

चालेल, पण हात काढून टाका आणि वायरलेसचा हट्ट सोडा.

२००१ मध्ये न्यूयॉर्कला वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्यात रोबो-संशोधक रॉबिन मर्फी यांच्या टीमने रोबो उतरवले. तिथे कामाला आले ते बुटांच्या खोक्याएवढे, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारे, मागे केबल असलेले. केबलमधून वीजही जाते, चित्रही येतं. शिवाय तिलाच धरून यंत्र भोकात सोडता येतं आणि अडकलं तर ओढता येतं. जिवंत माणूस मात्र एकाही रोबोला सापडला नाही. हे रिपोर्टात लिहाच, परीक्षक विचारणारच. केबलचीही डोकेदुखी असतेच म्हणा: फुकुशिमाच्या अपघातग्रस्त अणुवीज केंद्रात जपानचा क्विन्स नावाचा रोबो ऑक्टोबर २०११ मध्ये केबलच्याच भानगडीत आत राहिला तो राहिलाच.

आता आपल्याकडचं. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत इमारत पडली तेव्हा गल्ली इतकी चिंचोळी, की मोठी मशीन आत जाईनात. लोकांनी साखळी करून राडारोडा हातोहात बाहेर काढला. म्हणजे यंत्र एकट्याला खांद्यावरून नेता आलं पाहिजे. आरसीसीचे स्लॅब एकमेकांवर पडले तर मधे पोकळी राहू शकते. जुन्या चाळींत लाकडी तुळया, विटा आणि चुना. तो भुगा फटीच बुजवून टाकतो. त्यात पाऊस असला की लेन्सवर लगदा. कॅमेरा कितीही भारी घ्या, काच पुसायची सोय नसेल तर स्क्रीनवर नुसता करडा रंग दिसेल. छोटा वायपर किंवा पाण्याची पिचकारी, काहीही चालेल.

(त्याच महिन्यात वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीच्या आगीत अग्निशमन दलाने वापरलेला रोबो वेगळ्या जातीचा. तो पाणी मारतो, फटीत शिरत नाही.)

हाताचे वाचलेले पैसे माइक आणि स्पीकरवर घाला. अडकलेल्याशी बोलता आलं तर किती जण आहेत, पाय कशाखाली आहे हे कळतं, आणि खोदायचं कुठून ते जवानांना ठरवता येतं. चालवणारा एक आणि स्क्रीन बघणारा दुसरा ठेवा. एकट्याला दोन्ही झेपत नाही.

चाचणी कॉलेजच्या गुळगुळीत लादीवर नको. रिडेव्हलपमेंटसाठी पाडकाम झालेली जागा शोधा, कंत्राटदाराची परवानगी घ्या, हेल्मेट घाला, पाडकामाची मशीन बंद असतानाच जा. केबल जिथे जिथे सळईत अडकेल तिथला फोटो काढून ठेवा, पुढचं डिझाइन त्यावरूनच करायचंय.